जॉब मध्येच थांबतोय: साताऱ्यातल्या एका ३०१८ ची पूर्ण केस

साताऱ्यात माझ्या एका मित्राचं फोटोफ्रेमचं दुकान आहे, जुन्या वाड्याच्या खालच्या मजल्यावर. घराच्या नावाच्या पाट्या, देवघराच्या पट्ट्या, ट्रॉफीखालचे लाकडी बेस असली कामं मिळतात म्हणून त्याने ३०१८ सीएनसी घेतलं, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर लाकूड कोरणारं छोटं मशीन, तेच चायना मेक किट, ॲल्युमिनियम एक्स्ट्रुजनची फ्रेम, मधे काळे बॅकेलाइटचे पार्ट, ३०० बाय १८० चा बेड, वर स्पिंडल, म्हणजे बिट (कापणारं पातं) फिरवणारी २४ व्होल्टची ७७५ मोटर, आणि तिला लावलेला बिट पकडणारा ईआर११ चक. वीस हजाराच्या आसपास खर्च झाला होता, आणि तो फिटायच्या आधीच मशीनने त्रास द्यायला सुरुवात केली. जॉब मध्येच थांबायचा. कधी दहा मिनिटांनी, कधी पाऊण तास चालून शेवटच्या अक्षरावर. सागवानाचे तुकडे वाया जात होते आणि सागवान काय भावाने मिळतं ते तुम्हाला माहितीये.

मी गेलो तोपर्यंत त्याचं ठरलं होतं की मशीन कमी ताकदीचं आहे, मोठा ५०० वॉटचा स्पिंडल, त्याचा सप्लाय आणि नवीन ३२ बिट कंट्रोलर (मशीन चालवणारा बोर्ड) घ्यायचा, म्हणजे अजून दहा-बारा हजार. त्याचे वडील, आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणतो, आयुष्यभर दुकानांचे बोर्ड आणि गाड्यांच्या नंबरप्लेट ब्रशने रंगवलेले, ते कोपऱ्यातून म्हणाले, "आधी मशीनला झालंय काय ते तरी बघा की रं, मग आना काय आनायचं ते." मला हे शंभर टक्के पटलं. कमी बजेटच्या मशीनवर पैसे सगळ्यात जास्त कुठे वाया जात असतील तर ते दुखणं न ओळखता घेतलेल्या अपग्रेडवर. म्हणून सगळी केस क्रमाने लिहितोय, कारण ३०१८ वाल्या बऱ्याच जणांचं दुखणं हेच असतं.

पहिली गोष्ट मी विचारली ती म्हणजे थांबतं तेव्हा नक्की काय होतं, स्पिंडल फिरत राहतो का तोही बंद होतो? त्याने मला एक बाद झालेली पाटी दाखवली. 'निवास' मधल्या 'वा' चा काना जिथे संपतो तिथे लाकडात एक काळा ठिपका, मसुराएवढा, जळलेला, हाताला खड्डा लागत होता. त्या एका ठिपक्यात अर्धं उत्तर होतं.

का ते सांगतो. ह्या मशीनच्या बोर्डवर जीआरबीएल चालतं, २००९ मध्ये नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरुडने सुरू केलेलं ओपन सोर्स फर्मवेअर, जे साध्या आर्डुइनो उनोवर, म्हणजे ॲटमेगा ३२८ चिपवर बसतं. एवढ्याशा चिपमध्ये पूर्ण फाइल मावत नाही, त्यामुळे लॅपटॉप एकेक ओळ पाठवत राहतो आणि बोर्ड पुढच्या पंधरा-सोळा हालचालींचं प्लॅनिंग करून त्या चालवतो. आता यूएसबी कनेक्शन तुटलं तर बोर्डला ते कळतच नाही. हातात असलेल्या हालचाली तो पूर्ण करतो आणि पुढची ओळ यायची वाट बघत उभा राहतो, स्पिंडल चालूच, बिट एकाच जागी घासत, म्हणून लाकूड जळतं. ह्याउलट बोर्ड स्वतः रिसेट झाला असता किंवा लिमिटचा (हालचालीची हद्द ओलांडल्याचा) अलार्म आला असता तर स्पिंडल बंद पडला असता आणि ठिपका जळला नसता. म्हणजे फक्त जळलेला ठिपका बघून कळलं की मोटरची ताकद, कंट्रोलरचा दर्जा ह्याचा काही संबंध नाही, लॅपटॉप आणि बोर्डमधलं बोलणं तुटतंय.

मग ते का तुटतंय. इथे एकदम चार गोष्टी बदलायच्या नाहीत, एकेक करायची, नाहीतर कशाने बरं झालं ते कधीच कळत नाही. आधी तीच फाइल हवेत चालवली, झेड (स्पिंडल वर-खाली नेणारा अक्ष) वर उचलून, स्पिंडल बंद ठेवून. पूर्ण झाली, एकदाही तुटलं नाही. मग तसंच हवेत, पण स्पिंडल चालू. तुटलं. लाकडाला बिट लागलेलंच नाही तरी तुटलं, म्हणजे लोडचा प्रश्नच मिटला, स्पिंडलचा इलेक्ट्रिकल नॉइज आहे हे उघड झालं. ७७५ ही ब्रशची मोटर आहे, आत ब्रश आणि कम्युटेटरमध्ये सतत ठिणग्या पडतात, मागच्या भोकातून अंधारात बघितलं तर निळसर दिसतातही, आणि प्रत्येक ठिणगी म्हणजे आजूबाजूच्या वायरींमध्ये घुसणारा झटका. त्यात किटमधली यूएसबी केबल लांब आणि बारीक, आणि दिसायला नीट दिसावं म्हणून स्पिंडलच्या वायरीबरोबर केबल टायने फ्रेमला बांधलेली. बहुतेक किट असेच जोडले जातात, मॅन्युअलमधल्या फोटोतही वायरी एकत्रच दाखवलेल्या असतात.

पुढची टेस्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि तिला एक रुपया लागत नाही. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवलं. तुटायचं प्रमाण एकदम कमी झालं, बंद नाही झालं पण कमी झालं. आणि मित्र सहज बोलून गेला की चार्जिंगला असताना लॅपटॉपच्या कडेला हात लागला की झिणझिण्या येतात. म्हटलं थांब, मल्टिमीटर आण. सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, बरोबर. फेज-अर्थ पण जवळपास तेवढंच यायला पाहिजे आणि न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्ट. इथे फेज-अर्थ कधी नव्वद, कधी शंभरवर, काटा स्थिर नाहीच. म्हणजे तीन पिनचं सॉकेट आहे पण तिसऱ्या पिनला मागे काहीच जोडलेलं नाही. जुन्या वाड्यातलं वायरिंग, दोन वायरी ओढलेल्या, नंतर कोणीतरी वर सॉकेट तेवढं नवीन बसवलंय.

ह्याने काय होतं? लॅपटॉपचा चार्जर आणि मशीनचा २४ व्होल्ट सप्लाय दोन्ही एसएमपीएस, म्हणजे घरच्या विजेचं डीसी करणारे स्विचिंग सप्लाय आहेत, दोन्हींच्या आत फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात जे नको असलेला करंट अर्थमध्ये सोडतात. अर्थच नसेल तर तो करंट जाणार कुठे, दोन्ही सप्लायची बॉडी अधांतरी तरंगते आणि त्या दोघांना जोडणारी एकमेव वायर कुठली, तर यूएसबी केबल. म्हणजे पाच व्होल्टवर चालणारी बिचारी डेटा केबल ह्या दोघांमधला सगळा हिशोब अंगावर घेते. त्यात स्पिंडलच्या ठिणग्या. तुटणारच.

अर्थिंगचं काम वायरमनकडूनच करून घेतलं आणि तुम्हीही तसंच करा, हे हौसेने करायचं काम नाही. वाड्याच्या मागे मीटरजवळ जुना अर्थिंगचा खड्डा होता, कोरडा पडलेला, त्याने तो तपासून नीट केला आणि तिथून दुकानाच्या बोर्डापर्यंत हिरवी वायर ओढली. ह्या सगळ्या केसमध्ये मोठा म्हणावा असा खर्च हाच, आणि तो मशीनसाठी नाही, तर लाकडाच्या भुशात उभं राहून धातूच्या मशीनला हात लावणाऱ्या माणसासाठी करायलाच पाहिजे होता. मशीन नसतं तरी करायला पाहिजे होता.

त्यानंतर मोटर. तीन सिरॅमिक कपॅसिटर, १०४ लिहिलेले, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड, ५० व्होल्ट किंवा वरचे. एक मोटरच्या दोन टर्मिनलमध्ये, बाकीचे दोन प्रत्येक टर्मिनलपासून मोटरच्या पत्र्याच्या बॉडीला. बॉडीवर सोल्डर सहज धरत नाही, पॉलिश पेपरने घासून चकचकीत करायचं, फ्लक्स लावायचं आणि जरा जाड टोकाचं गरम सोल्डरिंग आयर्न वापरायचं, पायांची लांबी जेवढी कमी तेवढं चांगलं. हे कपॅसिटर गल्लीतल्या टीव्ही रिपेअरवाल्याने डबीतून काढून दिले, पैसे पण घेत नव्हता. पुण्यात असाल तर तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, पण खरं सांगतो एवढ्यासाठी तिथपर्यंत जायची गरज नाही, प्रत्येक तालुक्याच्या गावात असा एक रिपेअरवाला असतो.

यूएसबी केबल बदलून प्रिंटरला असते तशी आखूड, जाड, फेराइटचा (नॉइज अडवणारा) गठ्ठा असलेली घेतली, शंभर-दीडशे रुपये. ती एका बाजूने, स्पिंडलच्या वायरी दुसऱ्या बाजूने, जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे आडवी-उभी, समांतर नाही. स्पिंडलच्या दोन वायरी एकमेकींना पिळून घेतल्या. विंडोजमध्ये पॉवर सेटिंगमधलं यूएसबी सस्पेंड बंद केलं. आणि जी-कोडमध्ये (मशीनला पाठवायच्या हुकमांच्या फाइलमध्ये) स्पिंडलचा स्पीड फुल ठेवला, त्याच्या सेटिंगमध्ये $३०=१००० (सगळ्यात जास्त स्पीडचा आकडा) आहे म्हणून एस१०००, कारण स्पीड कमी करायला बोर्ड मोटरला चालू-बंद चालू-बंद करतो आणि त्याने नॉइज अजून वाढतो. एवढं झाल्यावर तीच फाइल चार्जर लावून, स्पिंडल चालू ठेवून हवेत चालवली, पूर्ण झाली. लाकडावर चालवली, पूर्ण झाली. आज महिने झाले, मध्येच थांबायचं कायमचं बंद आहे.

पण केस इथे संपली नाही, कारण आता जॉब पूर्ण होऊ लागल्यावर दुसरी दुखणी दिसायला लागली जी आधी झाकली गेली होती.

एक म्हणजे अक्षरं सरकायची. पहिल्या पासमध्ये (बिटच्या पहिल्या फेरीत) बरोबर, तिसऱ्या पासला अर्धा-पाऊण मिलीमीटर उजवीकडे. ह्याला सगळे म्हणतात स्टेप लॉस, म्हणजे अक्ष हलवणाऱ्या मोटरने पावलं चुकवली, आणि लगेच ड्रायव्हरचा (ती मोटर चालवणाऱ्या चिपचा) करंट वाढवायला घेतात. थांबा, आधी मार्कर घ्या. मोटरचा शाफ्ट, अक्ष सरकवणारा लीड स्क्रू आणि ह्या दोघांना जोडणारा कपलर ह्या तिन्हींवर एका रेषेत बारीक खूण करायची आणि जॉब चालवायचा. सरकल्यावर बघायचं, खुणा एका रेषेत आहेत का? असतील तर मोटरनेच स्टेप चुकवली, मग करंट, ॲक्सिलरेशन, फीड (बिट पुढे सरकायचा वेग) ह्यांच्याकडे जायचं. खुणा फाकल्या असतील तर मोटर बरोबर फिरली पण कपलर घसरला. इथे एक्सच्या कपलरची खूण चांगली दोन-तीन मिलीमीटर फाकलेली. कपलर शाफ्टवर आवळणारा ग्रब स्क्रू ढिला. शाफ्टवर जिथे ग्रब स्क्रू बसतो तिथे कानशीने थोडं सपाट केलं, थ्रेडवर निळं लॉकटाइट लावून घट्ट केला. खर्च जवळपास शून्य. करंट वाढवला असता तर मोटर तापली असती आणि अक्षरं सरकतच राहिली असती. सरळ आहे ना?

(ज्यांच्या खुणा एका रेषेत राहतात त्यांच्यासाठी, ए४९८८ ड्रायव्हरवर ०.१ ओहमचा सेन्स रेझिस्टर असेल तर व्हीरेफ (करंट ठरवणारं व्होल्टेज) ०.८ व्होल्ट म्हणजे १ अँपिअर. तुमच्या बोर्डवरचा रेझिस्टर आधी बघा, सगळ्या बोर्डवर तोच नसतो.)

दुसरं दुखणं अप्पांनी पकडलं. पाटी मशीनवरून उतरवली, आम्ही दोघं खुश, अप्पांनी चष्मा वर करून पाटी डोळ्याच्या रेषेत आडवी धरली आणि म्हणाले, "शिरोरेघ उजवीकडं जाड झालीया." मोजली तर खरंच, डाव्या टोकाला आणि उजव्या टोकाला जवळजवळ अर्ध्या मिलीमीटरचा फरक. ज्या माणसाने चाळीस-चाळीस फुटी बोर्डांवर हाताने एका जाडीची रेघ ओढलीये त्याच्या नजरेतून हे सुटणार नव्हतंच.

कारण असं की पाटीवर व्ही बिट (टोकदार, व्ही आकाराचं) वापरतो आणि व्ही बिटची रेघ किती जाड हे खोलीवर ठरतं. ६० अंशाच्या बिटला जाडी म्हणजे खोलीच्या साधारण १.१५ पट. बेड एका बाजूला ०.४ मिलीमीटर वर असेल तर तिथे बिट तेवढं जास्त खोल जातं आणि रेघ ०.४६ ने जाड होते. इंग्रजी नावाच्या पाटीत हे एवढं डोळ्यात येत नाही कारण अक्षरं सुटी सुटी असतात, आपल्या देवनागरीत शिरोरेघ पाटीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग जाते, त्यामुळे बेडचा सगळा वाकडेपणा ती रेघ सरळ लिहून दाखवते. मराठी पाट्या करणाऱ्याला म्हणून बेड जास्त काटेकोर लागतो, हे मला इथेच कळलं.

ह्याला उपाय, ॲल्युमिनियमच्या बेडवर १२ एमएमचा एमडीएफचा तुकडा बोल्टने कायमचा बसवला (सुताराकडचा उरलेला तुकडा) आणि मशीनकडूनच तो पूर्ण रंधून घेतला. किटबरोबर ३.१७५ एमएमची कॉलेट (चकमधली बिट धरणारी बाही) येते, ईआर११ ची ६ एमएमची कॉलेट वेगळी घेतली, ६ एमएमचं फ्लॅट बिट, एका वेळी ०.३ खोल, अर्ध्या रुंदीने सरकत. तासभर लागला असेल पण आता तो एमडीएफ मशीनच्या स्वतःच्या हालचालीला समांतर आहे, फ्रेम थोडी तिरकी असली तरी. हे करताना एन९५ मास्क घाला आणि व्हॅक्युम लावा, एमडीएफचा भुसा फार बारीक असतो आणि लाकडाची धूळ कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत आहे, ह्यात कंजुषी करू नका. पकडायला क्लॅम्प ऐवजी मास्किंग टेप, एक पट्टी बेडवर, एक लाकडाच्या मागे, दोघींच्या मध्ये फेविक्विक. क्लॅम्पने पातळ लाकूड मध्ये फुगतं आणि परत तीच जाड-बारीकची कटकट. टेप सपाट धरते आणि काम झालं की सोलून निघते.

अजून एक देवनागरीचीच गोष्ट. त्याच्या फाइलमध्ये अक्षरांच्या जोडावर मशीन विनाकारण उभ्या रेघा मारायचं, 'पाटील' मधल्या प आणि काना ह्यांच्या मध्ये बारीक चीर. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराच्या शिरोरेघेचा तुकडा शेजारच्यावर थोडा चढलेला असतो, स्क्रीनवर ते काळ्यावर काळं म्हणून दिसत नाही, पण पाथ केला की प्रत्येक अक्षराची कड वेगळी राहते आणि मशीन ती कड इमानदारीने कापतं. इंकस्केपमध्ये मजकूर टाइप करायचा, ऑब्जेक्ट टू पाथ, अनग्रुप, मग सगळं निवडून युनियन. सगळा शब्द एकच आकार होतो आणि कापायचा वेळही कमी होतो. मजकूर इंकस्केपमध्येच टाइप करा, सीएनसीच्या बऱ्याच फुकट सॉफ्टवेअरमध्ये थेट देवनागरी टाकली की वेलांट्या आणि जोडाक्षरं मोडतात. फॉन्टवर पण खर्च नाही, मुंबईच्या एक टाइपचे मुक्त आणि बलू हे खुल्या परवान्याचे आहेत, धंद्यासाठी वापरले तरी चालतात. बलू गोलसर आणि जाड, व्ही बिटला छान बसतो.

वीज जाण्याचा प्रश्न राहिला होता. साताऱ्यात पावसाळ्यात वीज जाते आणि वीज गेली की मशीन आपण कुठे आहोत ते विसरतं. ह्यासाठी एक्स, वाय, झेडला तीन मायक्रोस्विच लावले, वीस-तीस रुपयांचा एक, आणि $२२=१ करून होमिंग चालू केलं, म्हणजे मशीन स्विचपर्यंत जाऊन आपली जागा स्वतः शोधतं. पण हार्ड लिमिट (स्विच दाबला गेला की मशीन लगेच थांबवणं), म्हणजे $२१, मुद्दाम ० ठेवलं, कारण स्पिंडल चालू असताना स्विचच्या वायरीत नॉइज आला तर खोटा अलार्म १ येतो आणि चालू जॉब मरतो. होमिंगच्या वेळी स्पिंडल बंदच असतो त्यामुळे तिथे हा धोका नाही.

आणि झिरो (काम जिथून मोजायचं तो बिंदू) घेताना जी९२ हा हुकूम वापरू नका, ते रिसेटला पुसलं जातं. काही सॉफ्टवेअरचं झिरोचं बटण जी९२ च पाठवतं, कन्सोलमध्ये बघा काय जातंय ते. त्याऐवजी जी१० एल२० पी१ एक्स० वाय० झेड० पाठवलं की झिरो बोर्डच्या मेमरीत जी५४ म्हणून राहतो. वीज आली, होमिंग केलं, की मशीनला जुना झिरो सापडतो, लाकूड तेवढं हलवायचं नाही. शिवाय पाटीची प्रत्येक ओळ आता वेगळी फाइल असते. वीज गेलीच तर तेवढी ओळ परत चालवायची, मधल्या ओळीपासून जी-कोड चालू करायचे धोकादायक खेळ नकोत.

अर्थिंग सोडून सगळा खर्च हजाराच्या आत बसला, कॉलेट आणि बिटांसकट. सध्याची त्याची सेटिंग, सागवानावर ६० अंशाचं व्ही बिट, एका पासला ०.५ मिलीमीटर, फीड मिनिटाला ६०० मिलीमीटर. मोटर रिकामी असताना साधारण दहा हजार आरपीएम, एका धारेचं बिट, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला ०.०६ मिलीमीटर, भुसा दाणेदार पडतो. पीठ पडायला लागलं किंवा जळका वास आला तर फीड वाढवायचं किंवा बिट बदलायचं, सागवानात सिलिका असते त्यामुळे धार लवकर जाते. स्पिंडलसाठी काढून ठेवलेल्या पैशातून त्याने बऱ्यापैकी कार्बाइडचे बिट घेतले आणि बाकीचे दुकानात घातले.

ॲक्रिलिक मात्र अजून जमलेलं नाही. स्पीड कमी केला की मोटर ताकद सोडते आणि फुल स्पीडला साधं एक्स्ट्रुडेड ॲक्रिलिक वितळून बिटला चिकटतं. कास्ट शीट मागवलीये, एका धारेचं ओ-फ्लूट बिट आणि फिशटँकच्या पंपाची हवा बिटवर सोडून बघणार आहे, फीड ८०० पासून सुरुवात.